एडिंबऱ्याचा किल्ला बघायचा तर बायकांच्या खुणांनी

आज आपण जरा लांबच्या किल्ल्यावर जाणार आहोत. आपल्या प्रभाग संघातल्या एका ताईंची लेक स्कॉटलंडमध्ये नर्स आहे. तिनं आईला तिकडं नेलं आणि तिथला एडिंबऱ्याचा किल्ला दाखवला. ताईंचे फोटो बैठकीत हातोहात फिरले. तेव्हा जे प्रश्न आले ते असे: इतक्या उंचावर पाणी कुठून यायचं? राणी बाळंत झाली तर कुठं? तिकीट किती, आणि एवढा चढ चढायचा कसा? कुणी तरी असंही विचारलं की फोटोत तोफा आणि पुतळे पुरुषांचेच दिसतात, तिथं बाया राहत नव्हत्या का?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला फार आवडला. ताईंकडून ऐकलं, पुस्तकांतून वाचलं, आणि मग ठरवलं की हा किल्ला तुम्हाला बायकांच्या खुणा धरून दाखवायचा. तिकडं जाणारी बहुतेक मंडळी तोफ बघतात, मुकुट बघतात, शहराचा फोटो काढतात आणि उतरतात. वाटेत काय काय राहून जातं ते सांगतो.

आधी जागा समजून घ्या. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड. पूर्वी ते वेगळं राज्य होतं, राजा वेगळा, संसद वेगळी. एडिंबरा ही त्याची राजधानी. शहराच्या मधोमध एक काळा कातळ उभा आहे. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी तिथं ज्वालामुखी होता, त्याच्या नळीत लाव्हा गोठून हा कातळ झाला. नंतर बर्फाच्या नद्यांनी आजूबाजूचा मऊ खडक खरवडून नेला, हा कठीण गोळा तेवढा राहिला. तीन बाजूंनी सरळ कडे, आणि पूर्वेच्या बाजूला मात्र हळूहळू उतरत जाणारी सोंड. त्या सोंडेवरून एकच रस्ता किल्ल्यात येतो. तोच रस्ता उलट खाली गेलं की मैलभरावर हॉलिरूडच्या राजवाड्याशी संपतो. या रस्त्याला तिथं रॉयल माइल म्हणतात, आणि जुनं एडिंबरा या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलं.

किल्ला म्हणजे एकच इमारत असं समजू नका. आत देऊळवजा प्रार्थनाघर आहे, राजवाडा आहे, दरबाराचा दिवाणखाना आहे, सैनिकांच्या बराकी आहेत, तुरुंग आहे, युद्धात मेलेल्यांचं स्मारक आहे, कुत्र्यांचं छोटं कब्रस्तानसुद्धा आहे. नऊशे वर्षांत ज्याला जे लागलं ते त्यानं बांधलं. म्हणून बघायला अडीच-तीन तास तरी हाताशी ठेवावेत.

आता तिकिटाचं बोलू, कारण तो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. मोठ्या माणसाचं तिकीट वीस पौंडांच्या आसपास असतं, म्हणजे आपले दोन हजारांहून जास्त. हंगामाप्रमाणे कमीजास्त होतं. आधी इंटरनेटवर काढलं तर दारातल्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि आत शिरण्याची वेळ तिकिटावरच दिलेली असते. वर्षाला साधारण वीस लाख लोक हा किल्ला बघतात, त्यामुळं उन्हाळ्यात ऐन वेळी गेलं तर तिकीट संपलेलं असू शकतं. सकाळी साडेनऊला दार उघडतं तेव्हाच गेलेलं बरं. अपंग व्यक्तीबरोबर मदतीला आलेल्या माणसाला तिकीट पडत नाही, ही गोष्ट आम्हाला फार चांगली वाटली. चढ खडा आहे, फरसबंदी दगडगोट्यांची आहे आणि पावसात निसरडी होते. ज्यांना चालवत नाही त्यांना वर नेणारी गाडी मिळते, पण आधी विचारावं लागतं. आमच्या ताईंचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "चढ जमला गं, वाऱ्यानं जीव काढला." तिथं जूनमध्येही स्वेटर लागतो. पदर आवरण्यापेक्षा सलवार-कुर्ता आणि चांगले बूट बरे, हाही ताईंचाच सल्ला.

दरवाजाच्या आधी एक मोठं मोकळं मैदान लागतं. इथं यायला तिकीट नाही. पूर्वी सैन्याची कवायत व्हायची. आता दर ऑगस्टमध्ये लष्करी बँडचा मोठा सोहळा होतो, त्यासाठी उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना बसायचे उंच मांडव उभारलेले असतात. मैदानाच्या कडेनं सैनिकांची स्मारकं आहेत. त्यातलं एक ७८व्या हायलँडर पलटणीचं, १८५७-५८ साली हिंदुस्थानातल्या उठावात मेलेल्या त्यांच्या सैनिकांसाठी. ही पलटण आपल्या भागानं त्याआधीच पाहिलेली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रजांची मोठी लढाई झाली, तेव्हा ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी इंग्रजांकडून लढल्या. म्हणजे एडिंबऱ्याच्या या मैदानात उभं राहून जालन्याची आठवण काढता येते. तिकडच्या लोकांना त्यात शौर्य दिसतं. आपण त्याच दगडाकडं दुसऱ्या बाजूनं बघणारी माणसं, हे लक्षात ठेवून पुढं जायचं.

मोठा दरवाजा ओलांडला की चढ सुरू. एक जुनी दगडी पायरीवाट सरळ वर जाते, सत्तरेक पायऱ्यांची. शेजारून वळणाचा रस्ताही आहे, गर्दी त्यानंच जाते. वाटेवर तोफांची रांग लागते. तिथं दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडते, रविवार सोडून रोज. १८६१ पासूनची ही रीत. समुद्रात उभ्या जहाजांना घड्याळ लावायला वेळ कळावी म्हणून सुरू झाली. त्याआधी शेजारच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावरून ठरल्या वेळी एक मोठा गोळा खाली सोडत, पण धुकं असलं की तो दिसेचना. धुक्यात तोफेचा आवाज मात्र पोचतो. एकच्या आधी पाव तास तिथं जाऊन उभं राहावं आणि लहान मुलांचे कान झाकावेत. एवढंच त्या तोफेचं.

आता कातळाच्या माथ्यावर. इथं एक इतकं साधं, इतकं लहान दगडी घर आहे की कोठार समजून माणूस पुढं जाईल. हे संत मार्गारेटचं प्रार्थनाघर, चॅपेल. सगळ्या किल्ल्यातली आणि सगळ्या शहरातली ही सर्वांत जुनी इमारत. साधारण ११३०च्या सुमाराला राजा डेव्हिडनं आपल्या आईच्या आठवणीसाठी बांधली. आत वीस-पंचवीस माणसं कशीबशी मावतात.

ही मार्गारेट कोण? इंग्लंडच्या जुन्या राजघराण्यातली मुलगी, पण जन्मली हंगेरीत, कारण घराणं परागंदा झालेलं. मोठेपणी इंग्लंडमध्ये परत आली तोच १०६६ साली परक्यांनी इंग्लंड जिंकलं आणि पुन्हा पळावं लागलं. ती स्कॉटलंडच्या आसऱ्याला आली आणि तिथला राजा माल्कम यानं तिच्याशी लग्न केलं. म्हणजे निर्वासित म्हणून आली आणि राणी झाली. तिच्या ओळखीच्या धर्मगुरूनं तिचं चरित्र लिहून ठेवलं आहे, म्हणून तिच्याबद्दल इतकं माहीत आहे. अनाथ मुलांना ती स्वतः भरवायची, गरिबांचे पाय धुवायची असं त्यात आहे. यात्रेकरूंना खाडी ओलांडता यावी म्हणून तिनं नावेची सोय केली. त्या ठिकाणाला आजही क्वीन्सफेरी म्हणतात, राणीची नाव. आम्हाला तिच्या सगळ्या पुण्याईपेक्षा ही नाव मोठी वाटते. एका बाईनं लोकांची अडचण बघून सोय केली आणि गावाला नाव पडलं.

१०९३ सालच्या नोव्हेंबरात तिचा नवरा आणि थोरला मुलगा एकाच लढाईत पडले. ती आधीच आजारी होती. बातमी आली आणि तीन-चार दिवसांत तिनं याच किल्ल्यावर प्राण सोडला. तिच्या तीन मुलांनी पुढं एकामागून एक राज्य केलं, डेव्हिड हा त्यातला धाकटा. १२५० साली पोपनं तिला संत म्हणून जाहीर केलं.

आता या लहानशा घराचं नशीब बघा. १३१४ साली किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. स्कॉटलंडच्या तीस माणसांनी रात्रीच्या अंधारात कडा चढून तो परत घेतला. वाट दाखवणारा माणूस लहानपणी किल्ल्यात राहिलेला होता आणि रात्री कड्यावरून उतरून गावातल्या आपल्या मैत्रिणीला भेटायला जायचा, म्हणून त्याला पायवाट ठाऊक! प्रेमापायी शिकलेली वाट लढाईला कामी आली. किल्ला पुन्हा शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून राजा रॉबर्ट ब्रूसनं तो पाडून टाकायला सांगितला. हे प्रार्थनाघर तेवढं ठेवलं. पुढं काळ बदलला, तिथं तोफेची दारू साठवू लागले, आणि हे कुणाचं घर होतं हेच लोक विसरले. १८४५ साली एका अभ्यासकानं ते ओळखलं, मग दुरुस्ती झाली.

आत गेलात की फुलं बघा. ताजी फुलं तिथं कायम असतात, आणि ती कोण ठेवतं ते ऐका. १९४२ पासून मार्गारेट नावाच्या बायकांचं एक मंडळ आहे. नाव मार्गारेट असलं की झालं. शेतकरीण असो, शिक्षिका असो की आजी असो. पाळीपाळीनं एकेक मार्गारेट येते, फुलं मांडते आणि जाते. ऐंशी वर्षांच्या वर हे चाललं आहे. पगार नाही की पद नाही. आपल्या गटाचं रजिस्टर पाच वर्षं नीट चालवताना किती ओढाताण होते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून आम्ही तर या फुलांनाच किल्ल्यातलं पहिलं बघण्यासारखं ठिकाण म्हणू.

चॅपेलच्या दारासमोरच एक अजस्र तोफ आहे, मॉन्स मेग. मेग हे मार्गारेटचंच घरगुती, लाडकं रूप, आपल्याकडं जसं पार्वतीचं पारू. आताच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावी १४४९ साली ती घडवली. वजन सहा टन, आणि दगडी गोळा दीडशे किलोचा, म्हणजे तीन मोठी पोती एका गोळ्यात. १६८१ साली सलामी देताना तिची नळी फुटली, तेव्हापासून ती गप्प आहे. फोटोसाठी इथं रांग लागते. फोटो काढा, पण पाठीमागचं ते छोटं दार विसरू नका.

पाण्याचा प्रश्न विचारला होता. किल्ल्यात कातळात खोदलेली विहीर होती आणि तीच किल्ल्याची नाडी होती. १५७३ साली इंग्रजी तोफांनी किल्ल्यावर मारा केला तेव्हा एक उंच बुरूज कोसळला आणि त्याचे दगड विहिरीवर पडून पाणी बंद झालं. खाली पायथ्याशी एक झरा होता, तोही शत्रूनं नासवला. भिंती पडल्या तरी लढता येतं, पाण्यावाचून नाही. थोड्याच दिवसांत किल्ला शरण गेला. घागर वाहणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग लागतो राजवाडा. नाव राजवाडा, पण खोल्या मोठ्या नाहीत. तिथं एक अगदी चिमुकली खोली आहे, आपल्या जुन्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीसारखी. १९ जून १५६६ रोजी राणी मेरी इथं बाळंत झाली.

मेरीची गोष्ट जगात खूप सांगितली जाते, पण बहुतेक वेळा तिच्या सौंदर्याची आणि नवऱ्यांची. आपण तिची बाळंतपणाआधीची तीन महिन्यांची गोष्ट बघू. बाप वारला तेव्हा ती सहा दिवसांची होती, म्हणजे पाळण्यातच राणी झाली. आईनं, मेरी ऑफ गीझनं, तिला पाच वर्षांची असताना फ्रान्सला सुरक्षित पाठवलं आणि पुढं मुलीच्या नावानं राज्य सांभाळलं. ही आईही १५६० साली याच किल्ल्यात वारली. पुढच्या वर्षी मेरी परत आली आणि तिनं राज्य हाती घेतलं. १५६५ मध्ये तिनं डार्न्लीशी लग्न केलं. मार्च १५६६ मध्ये ती सहा महिन्यांची गरोदर असताना हॉलिरूडच्या राजवाड्यात जेवत बसली होती, तेव्हा सरदारांची टोळी आत घुसली आणि तिच्या चिटणिसाला तिच्यासमोर ओढून नेऊन भोसकून मारलं. त्या टोळीत तिचा नवरा सामील होता. म्हणून हॉलिरूडचे ऐसपैस महाल सोडून ती कातळावरच्या या अरुंद खोलीत आली. कारण एकच, इथं भिंती जाड आणि दार एक. बाळंतपण लांबलं, अवघड गेलं. मुलगा झाला, तोफा उडाल्या.

मुलगा तेरा महिन्यांचा झाला तोवर मेरीला कैद करून गादी सोडायला लावली होती. तो मुलगा जेम्स राजा झाला. आईनं त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. ती आसऱ्याला इंग्लंडमध्ये गेली, तिथं एकोणीस वर्षं नजरकैदेत राहिली आणि १५८७ साली तिचा शिरच्छेद झाला. या जेम्सचं नाव लक्षात ठेवा, उतरताना तो पुन्हा भेटणार आहे. पुढं १६०३ मध्ये तो इंग्लंडचाही राजा झाला. जहांगीर बादशहाच्या दरबारात सर टॉमस रो नावाचा वकील आला होता, शाळेत वाचलं असेल, तो याच राजानं पाठवलेला.

राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर मुकुटाची खोली आहे. फोटो काढायला मनाई आहे. रांग लांब असते, म्हणून काहीजणी आल्याबरोबर आधी इथंच येतात, ती युक्ती चांगली. काचेमागं स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार आहे. मुकुट आत्ताच्या रूपात १५४० साली घडवला. हे तिन्ही मिळून पहिल्यांदा वापरले गेले ते मेरीच्या राज्याभिषेकाला, १५४३ साली, नऊ महिन्यांच्या बाळासाठी. जुन्या पुस्तकांत इथं राज्याभिषेकाचा एक दगडही दाखवलेला असतो, पण तो २०२४ पासून पर्थ शहराच्या संग्रहालयात आहे. इथं शोधू नका.

या मुकुटाची खरी गोष्ट इथं घडलेली नाही, समुद्रकाठच्या एका खेड्यात घडली. १६५०च्या सुमाराला इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल यानं स्कॉटलंडवर स्वारी केली. त्यानं इंग्लंडचे राजमुकुट आधीच मोडून टाकले होते, सोनं वितळवलं होतं. स्कॉटलंडचा मुकुटही त्याला तसाच मोडायचा होता. म्हणून हे दागिने उत्तरेला समुद्रकड्यावरच्या डनॉटर किल्ल्यात हलवले. १६५१-५२ मध्ये इंग्रजांनी त्या किल्ल्याला वेढा घातला. आतली माणसं थकली, अन्न संपत आलं. अशा वेळी दागिने बाहेर काढले ते बायकांनी. जवळच्या किनेफ गावच्या पाद्र्याची बायको ख्रिश्चन फ्लेचर हिनं ते काम केलं. ख्रिश्चन हे त्या काळी तिकडं बाईचंही नाव असे. कसं काढलं याच्या दोन हकीकती आहेत. एकीत म्हणतात, ती किल्लेदाराच्या बायकोला भेटायला म्हणून वेढ्यातून आत गेली आणि मुकुट आपल्या कपड्यांत लपवून, राजदंड तागाच्या पेंढीत घालून शत्रूच्या छावणीतून बाहेर आली. दुसरीत तिची मोलकरीण कड्याखाली समुद्रशेवाळ गोळा करत होती, तिच्या टोपलीत वरून दागिने सोडले. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. ओझं घेऊन जाणाऱ्या बाईकडं शिपाई बघत नाहीत, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

पुढची आठ वर्षं दागिने किनेफच्या चर्चमध्ये फरशीखाली पुरलेले होते. गडावरच्या माणसांना पकडून, छळून विचारलं तरी जागा कळली नाही. १६६० साली राजा परत आला तेव्हा दागिने बाहेर निघाले. मग बक्षिसं वाटली गेली. किल्लेदाराला सरदारकी मिळाली. डनॉटरच्या मालकाच्या भावाला मोठा किताब मिळाला, पुढं तर तो अर्ल झाला. ख्रिश्चन फ्लेचरला संसदेनं दोन हजार मर्क एवढी रक्कम मंजूर केली. मर्क हे तिथलं जुनं नाणं. पदवी नाही, जहागीर नाही. बचत गटाच्या कामाचा फोटो छापून येतो आणि मधोमध हार घातलेला भलताच कुणी असतो, तसं हे आम्हाला वाटलं.

१७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडची संसद एक झाली. तेव्हा हे दागिने ओकच्या पेटीत घालून खोलीला कुलूप लावलं, आणि ते आहेत की नाहीत याचीच शंका येऊ लागली. १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकारानं खोली उघडली, पेटी फोडली, तर आत जसेच्या तसे.

दरबाराचा दिवाणखाना लाकडी छपरासाठी बघावा. तुरुंगाच्या तळघरात मात्र थोडं थांबा. अठराव्या शतकात इथं फ्रान्सचे आणि इतर देशांचे युद्धकैदी कोंडलेले असत. ते हाडांतून, लाकडातून, गवताच्या काड्यांतून डब्या आणि खेळणी करून गावकऱ्यांना विकत. काहींनी खोट्या नोटाही केल्या! १८११ साली तर ४९ कैदी भिंतीला भोक पाडून दोरीनं कड्यावरून उतरून पळाले. पलीकडच्या चौकात युद्धस्मारक आहे, १९२७ मध्ये उघडलेलं. तिथं शांत राहायचं आणि फोटो काढायचे नाहीत. सैनिकांच्या बरोबरीनं परिचारिका आणि युद्धात काम केलेल्या इतर बायकांची आठवण तिथं कोरलेली आहे. घोडे, खेचरं, खाणीतल्या पाखरांचीही आहे. ताईंची नर्स लेक या ठिकाणी बराच वेळ उभी होती.

आता परतीची वाट. पुन्हा त्याच मैदानात यायचं आणि रॉयल माइलकडं जाताना, मैदानाच्या तोंडाशी, एका भिंतीत बसवलेलं लोखंडी कारंज बघायचं. पाणी नाही. आकारानं आपल्या देवळीएवढं. शेकडो लोक त्याच्या अंगावरून जातात, कुणाचं लक्ष नसतं. याला चेटकिणींची विहीर म्हणतात. या मैदानालगतच्या चढावर, कॅसलहिलवर, चेटकीण ठरवलेल्या बायकांना मारून जाळत असत.

स्कॉटलंडमध्ये १५६३ साली चेटूक करणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला आणि तो कायदा १७३६ पर्यंत राहिला. त्या काळात साधारण चार हजार माणसांवर आरोप झाले, त्यात शंभरातल्या चौऱ्याऐंशी बायका. इथं आपला जेम्स पुन्हा भेटतो. १५८९-९० मध्ये तो आपल्या नवरीला डेन्मार्कहून आणायला गेला, तेव्हा समुद्रात वादळं आली. ती चेटकिणींनी उठवली असं ठरलं. पकडलेल्यांत ऍग्नेस सॅम्पसन नावाची बाई होती. सुईण, झाडपाल्याचं औषध देणारी, वय झालेली, गावात मान असलेली. राजानं स्वतः तिची चौकशी केली. छळ झाला, झोपू दिलं नाही, शेवटी तिनं जे हवं ते कबूल केलं. जानेवारी १५९१ मध्ये कॅसलहिलवर तिला मारून जाळलं. १५९७ साली जेम्सनं चेटूक कसं ओळखावं यावर पुस्तकच लिहिलं. वर त्या चिमुकल्या खोलीत जन्मलेला तो हाच मुलगा. आणि त्या खोलीत सुईणीही होत्याच की.

मोठ्या घरची बाईही सुटत नव्हती. १५३७ साली लेडी ग्लॅमिस, जॅनेट डग्लस, हिला राजाला विष घालायचा कट केला म्हणून इथंच जिवंत जाळलं. खरं कारण तिच्या माहेरचं घराणं राजाला नको होतं. राजा वारल्यावर तिच्या मुलाला जमीनजुमला परत मिळाला. आई गेली ती गेली.

८ मार्च २०२२ रोजी, महिला दिनालाच, स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी या सगळ्या बायका-पुरुषांची सरकारतर्फे माफी मागितली. माफी मागा, निर्दोष ठरवा, स्मारक उभारा, अशी मोहीम दोन वर्षं आधीपासून तिथल्या बायकांनी चालवली होती. हे ऐकताना लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या बाईवर करणी केल्याचा, चेटकाचा ठपका ठेवून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे. असं कुठं होत असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, आणि गटानं तिच्याबरोबर जावं.

ते कारंज १८९४ साली बसवलं पॅट्रिक गेडिस यांच्या पुढाकारानं. हे गेडिस पुढं मुंबईला आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. कारंजावर साप आहे, औषधी फुलझाडाचा कोंभ आहे, आणि दोन चेहरे आहेत, एक दुष्ट आणि एक शांत. सोबतच्या पाटीचा अर्थ असा की काहींनी आपलं ज्ञान वाईटासाठी वापरलं, काहींना लोकांनी चुकीचं समजून घेतलं. म्हणजे त्या पाटीतही ठपका पुरता पुसलेला नाही. आम्हाला वाटतं, ऍग्नेसच्या बाजूनं बोलायचं तर पाटी सरळ हवी होती. तरी तिथं काही तरी आहे हे बरंच. बघायला तिकीट लागत नाही, किल्ल्यात जायचं नसलं तरी बघता येतं.

एवढ्यात पाय भरून आलेले असतील. खाली रॉयल माइलवर चहाची दुकानं पुष्कळ आहेत, पण किल्ल्याच्या दाराशी महाग पडतं. दोन गल्ल्या पुढं जाऊन बसावं. जेवणाचा डबा बरोबर असेल तर आणखी उत्तम, ताईंनी थेपले नेले होते.

पुढच्या गुरुवारी याच वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. येताना पशुधनाची नोंदवही जवळ ठेवा.